कचऱ्यातले मेल

आमच्या घरी कॉम्प्युटरवर मेलचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत पोहे होतात, खाऊन होतात, कढईसुद्धा घासून होते. मग पडदा पांढराफटक पडतो आणि वर लिहून येतं, ‘प्रतिसाद देत नाही’. पेपर वाचताना माझा नवराही असाच असतो, पण तो निदान चहा म्हटलं की हलतो.

दोष माझा, असं घरातलं एकमत आहे, म्हणजे नवऱ्याचं मत. मी अनुवादाची कामं करते आणि इतक्या वर्षांत एकही मेल फेकलेला नाही. शोधायला एखादा शब्द दिला की ते सॉफ्टवेअर इतकं गरगरत बसतं, की काय शोधत होते तेच मी विसरते.

कामाचे मेल आपापल्या कप्प्यांत आहेत. लेकीचे मात्र मी कचऱ्याच्या कप्प्यात ठेवले होते. हसू नका. डाळीच्या डब्यात दागिने ठेवणाऱ्या घरात वाढले मी. चोर कपाट फोडतो, तुरीची डाळ उपसत बसत नाही.

लेक परदेशी शिकायला गेली तेव्हा सुरुवातीला लांबलचक मेल लिहायची. भात करपला, घरमालकीण खडूस आहे, आज खूप रडले, सगळं. शेवटी नेहमी, ‘बाबांना सांग’. आता ती छान रुळली आहे आणि फोनवर नुसता अंगठा पाठवते. मला त्या अंगठ्याचा भयंकर राग येतो. माझ्याशी पोटातलं बोलणारी माझी पोर आता फक्त त्या जुन्या मेलमध्ये उरली आहे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी नवरा बनियनवर कॉम्प्युटरसमोर बसला होता. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद.

“पाह्य, कसं पळून राहिलं आता! पूर्ण कचरा साफ केला मी.”

म्हणजे लेकीचे मेल गेले. पण या सॉफ्टवेअरशी भांडून भांडून मला एक कळलं होतं. कचरा रिकामा केला तरी मेल लगेच मरत नाहीत, फायलीत दडून राहतात. मग ते विचारतं, जागा मोकळी करू का? आपण हो म्हटलं की मात्र कायमचे गेले. पडद्यावर नेमका तोच प्रश्न होता आणि नवऱ्याचा हात माऊसवर.

“थांबा!”

“काहून वं?”

काय सांगणार होते? कचऱ्यात सोनं ठेवलं होतं म्हणून? जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते. मी स्वयंपाकघरात धावले. कूलर चालू होताच. मी इस्त्री लावली, वर रिकामा मिक्सर फिरवला. हे तिघं एकत्र आले की आमच्याकडे मेन स्विच पडतोच, आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच वारली आहे. खट्ट झालं. कूलर थांबला, पडदा काळा झाला. मी चेहरा भोळा करून बाहेर आले.

“लाईट गेली वाटतं.”

नवऱ्यानं घाम पुसला आणि टेबलावरचा पेन ड्राइव्ह उचलून माझ्या हातात दिला.

“पोरीचे मेल आहेत याच्यात. साफ करायच्या पहिलेच घेतले मी.”

“तुम्हाला काय माहीत ते कुठे होते?”

“तू भाजीले गेली का मी तेच वाचत बसतो.” तो काळ्या पडद्याकडे बघू लागला. “एकाचंबी उत्तर नाही देल्लं मी कधी. तिले वाटलं असन, बाबा वाचतच नाही.”

मेलचा ढीग एवढा मोठा, आणि त्यात याची एक ओळ नव्हती.

“मग आज लिहा,” मी म्हणाले.

“लिहितो,” तो म्हणाला. “पहिले तो मिक्सर बंद कर.”