ज्या घरची खिरापत, त्या घरचं नाव

बरोबर उत्तराला चूक म्हणणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती मास्तरीण नव्हती. भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आमच्याच ब्लॉकला राहणाऱ्या खिरापतवाल्या काकू. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत त्यांच्या क्वार्टरमध्ये मातीची भुलाबाई बसायची. संध्याकाळी आम्ही पोरी जमायचो, टाळ्या वाजवत गाणी म्हणायचो आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचो. एकदा डबा आणला होता शेजारच्या छत्तीसगढी वहिनींनी. तो काही वाजेना, पण वासावरून मी ठोकून दिलं, "अनारसा." झाकण उघडलं तर तांदूळ-गुळाचा अनारसाच. काकू म्हणाल्या, "चूक."

मी भांडायलाच उठले. काकू शांतपणे म्हणाल्या, "आपल्या घरी अनारसा. हिच्या घरी अइरसा. दोघी बहिणी सारख्या दिसतात म्हणून एकीले दुसरीच्या नावानं हाक मारशीन काय?" तेव्हापासून नियमच झाला: ज्या घरची खिरापत, त्या घरचं नाव. पुढच्या आठवड्यात तेलुगू घरातली माझी मैत्रीण पद्मा तोच पदार्थ 'अरिसेलु' म्हणून घेऊन आली तेव्हा मी डोक्याला हात लावला. मल्याळी घरचं उन्नियप्पम म्हणताना आमच्या जिभेच्या गाठी व्हायच्या, पण हरले म्हणायला कुणी तयार नसायचं.

दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःची चव पातळ करणं हा काकूंच्या लेखी गुन्हा होता. पद्माच्या अम्मांनी एकदा मराठी पोरींना झेपावं म्हणून चिंचेच्या भातातली मिरची कमी केली. काकूंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अम्मा, ये आपके घर का नहीं है. जैसा अपने बच्चों को खिलाते हो, वैसा बनाओ." दुसऱ्या दिवशी अम्मांनी मनावर घेतलं. आमच्या नाका-डोळ्यांतून पाणी. काकूंचे डोळेही लाल, तरी वाडगं पुढे. "झोंबून राहिलं," त्या म्हणाल्या, "पण आता बरोबर हाये."

वरच्या मजल्यावरच्या बौद्ध कुटुंबातली सुजाता गाणी खणखणीत म्हणायची. तिच्या आईने आधीच सांगितलं होतं, "आमी मूर्तीपुढं हात जोडत नाई." काकू म्हणाल्या, "नको जोडू देऊ. पोरगी गाणं म्हणन, खिरापत खाईन." आरतीच्या वेळी सुजाता व्हरांड्यात उभी राहायची आणि डबा उघडायच्या आत परत यायची. त्यावर कधी कुणी एक शब्द काढला नाही.

काकूंचे यजमान पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर होते. त्यांची निवृत्ती जवळ आली तोवर ब्लॉकमधली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली होती. गाणाऱ्या मराठी पोरी दोनच उरल्या, सुजाता आणि मी. आता हा महिना काकूंबरोबरच संपणार हे सगळ्यांना दिसत होतं. उत्सव समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं की गाणी हिंदीत करून घ्या, सबको समझ में आएगा. माझ्या आईलाही ते पटलं. काकू मात्र हटल्या नाहीत. "भाईसाब, सुआ नाच में मैं छत्तीसगढ़ी में गाती हूँ कि नहीं? समझ के गाती हूँ. ये लड़कियाँ भी समझ लेंगी." आणि हे खरंच होतं. दिवाळीत त्या छत्तीसगढी बायकांच्या घोळक्यात सुआ गीतं म्हणत दारोदार फिरायच्या, उच्चार मात्र पक्के भंडाऱ्याचे. त्या वर्षी त्यांनी पोरींना एकेका ओळीचा अर्थ सांगितला आणि मगच तोंडातून शब्द काढू दिला.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. काकू मुलाकडे, भिलाईजवळच्या जामुलला निघाल्या. जाण्याआधी आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "यंदापासून भुलाबाई तुमच्याकडे बसवा." आईने माझ्या दहावीचं कारण पुढे केलं. मी आईच्या मागे उभी होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. समोरचं पद्माच्या घरचं दार उघडं होतं. अम्मा बाहेर येऊन म्हणाल्या, "मेरे घर में बैठाओ. मुझे कुछ आता नहीं, आप आना पड़ेगा."

काकू आल्या. एक वर्ष नाही, दरवर्षी, महिनाभर रोज, जामुलहून बस धरून. गुडघे बोलायचे, जिना चढताना दोनदा थांबायच्या. मी एकदा विचारलंच, "काकू, एवढा त्रास कावून घेता?" त्या म्हणाल्या, "भुलाबाई महिनाभर माहेराले येते. माहेरी कोणी वाट पाहाले नको काय?"

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. मी दुर्गला बँकेत आहे, राहते अजून भिलाईतच. मी कुणाला न विचारता ठरवलं, यंदा भुलाबाई माझ्याकडे बसेल. अम्मा आता थकल्या आहेत. पद्माला निरोप धाडला, पोरींना घेऊन ये. पहिल्या संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात मी पहिलं गाणं सुरू केलं, आणि दुसऱ्या कडव्याला अडले. शब्द आठवेचनात. माझी मुलगी, घरात अर्धं मराठी आणि बाहेर सगळं हिंदी बोलणारी, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पद्माने माझी वाट पाहिली नाही. तिने दुसरं कडवं उचललं, मग तिसरं, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता, काकूंच्या त्याच भंडाऱ्याच्या ढंगात. तिच्या दोन्ही मुली बरोबर गात होत्या.

गाणं संपल्यावर मी पद्माला म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून म्हण, सावकाश. मुलीला जवळ घेतलं, तिच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि पद्मा सांगेल तशी एकेक ओळ आम्ही दोघी तिच्या मागून म्हणू लागलो.