सासूबाईंनी सांभाळलेले उन्हाळे

कुहीजवळच्या एका खेड्यात माझ्या सासूबाईंचं माहेर. होळी झाली की त्यांचा भाऊ, आमचे मामा, तिथून मोटरसायकलच्या मागे लाल मिरचीचं पोतं बांधून नागपूरला आणायचे. पोतं पोर्चमध्ये टेकवलं की सासूबाई त्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, एक मिरची मोडून बघायच्या आणि "यंदा रंग चांगला हाये" म्हणायच्या. मग पुढचे दोन महिने त्यांचे त्या मिरचीचेच. त्यांच्या हातचं तिखट त्यांच्या लेकीकडे, जावांकडे, पुण्याच्या पुतण्याकडे, सगळीकडे जायचं.

माझं लग्न माघात झालं. मला लहानपणापासून दमा आहे, आणि ते माझ्या वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दमा तं म्हाताऱ्यायले होते. ही तं पोरगी हाये." विषय तिथेच संपला.

तो पहिला उन्हाळा. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. शनिवारी अर्धा दिवस असायचा, म्हणून भर दुपारी घरी आले. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. दार उघडलं आणि स्वयंपाकघरातून मिरचीचा खकाणा अंगावर आला. सासूबाई लोखंडी कढईत तेलावर मिरच्या परतत होत्या. त्यांनाही ठसका लागत होता, पण त्या हसत होत्या. "आली का? तोंडाले पदर लाव," म्हणाल्या.

मी पदर लावला, पण तोपर्यंत छाती बंद झाली होती. पर्समधला दम्याचा पंप काढून घेतला, पुन्हा घेतला. आत काही जाईना. भिंतीला धरून खाली बसले. सासूबाई धावत आल्या. "काय होऊन राहिलं वं? बोल ना! बोल ना वं काहीतरी!" दम कोंडलेल्या माणसाला बोलता येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्या मला पाणी पाजत होत्या, पाठ चोळत होत्या, आणि त्यांच्या हाताला, लुगड्याला, केसांना सगळी मिरचीच होती.

शेजारच्या काकांनी ऑटो आणला. दवाखान्यात मला वाफेच्या मशीनवर ठेवलं. सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या कपड्यांना मिरचीचा वास येऊन राहिला. तुम्ही बाहेर बसा." त्या उठल्या. दाराच्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. समोर बाक होता तरी त्या बसल्या नाहीत.

घरी येताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर कढई, मिरच्या, तेलाची बरणी, सगळं उचलून गल्लीच्या टोकाच्या बाईंच्या गच्चीवर गेलं होतं. त्यानंतर आमच्या घरात मिरची कधी परतली गेली नाही. त्या तिकडे जायच्या, काम आटोपून यायच्या, मागच्या अंगणातल्या नळावर आंघोळ करायच्या आणि मगच घरात पाऊल टाकायच्या. मिरचीचं लुगडं बाहेरच वाळायचं.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांकडे निघाले तर त्या चपला घालून तयार. डॉक्टरबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या. "हिले काय काय चालत नाही ते मले सांगा. हिले नका सांगू, ही विसरते."

डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांनी नीट सांगितलं. धूळ, धूर, कुबट कूलर, उग्र वास, उन्हातून आल्याबरोबर गार हवेत बसणं. आणि रोजचा पंप बरं वाटत असलं तरी बंद करायचा नाही, तो रोजचाच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् उदबत्ती?"

"तीही नकोच, आजी."

सासूबाईंची देवपूजा मोठी होती, आणि तिचा शेवट नेहमी उदबत्तीने व्हायचा. त्या संध्याकाळपासून देवापाशी नुसतं निरांजन. माझी नणंद पारशिवनीहून आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. "आई, देवाजवळ उदबत्ती नाही लावली?"

"देवाले चालते," सासूबाई म्हणाल्या. "हिले नाई चालत."

कूलरवर तर त्यांचा पहाराच होता. नागपुरात कूलरशिवाय मे महिना काढता येत नाही, आणि त्याच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांना बुरशीचा वास आला की माझी छाती वाजायला लागायची. कूलर लावण्याआधी त्या जाळीला नाक लावून हुंगायच्या. "शिळा झाला हा," म्हणायच्या, आणि माझ्या नवऱ्याची सुट्टी टाकी घासण्यात जायची. तो कुरकुरला तर म्हणायच्या, "तुह्या बायकोचा जीव हाये त्याच्यात, घास."

त्या काही सगळं गोड मानून करत होत्या असं नाही. चिडायच्याही. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आमच्या सूनबाईच्या नाकापुढं पोलिसाचं कुत्रं मागं पडीन." मला वाईट वाटायचं. मोगऱ्याचा गजरा त्यांना जीव की प्राण होता. लग्नाला जाताना माळायच्या आणि परत येताना फाटकाशी काढून बाहेरच ठेवायच्या. एकदा ते पाहून मला राहवलं नाही.

"आई, माझ्यापायी तुम्ही काय काय सोडलं."

"सोडलं कुठं वं? इकडचं तिकडं केलं."

असे बरेच उन्हाळे गेले. दवाखान्यात धावायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दलही त्या मला कधी बोलल्या नाहीत. घरात आम्ही तिघंच.

मग एका थंडीत त्यांच्या पायांवर सूज आली. जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. हृदय थकलंय, छातीत पाणी साठतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांनी पाणी उतरायचं, पुन्हा भरायचं. फाल्गुनात मामांना त्यांनी फोन करून सांगितलं, "यंदा मिरची नको आणू, दादा. होत नाही."

चैत्रात एका दुपारी त्या पलंगावर एकदम उठून बसल्या. तोंड उघडं, डोळे भेदरलेले. मी धावले. तो चेहरा मी ओळखत होते. मी त्यांना काही विचारलं नाही, बोलायला लावलं नाही. मांडीवर दोन उशा ठेवल्या, त्यांच्यावर त्यांची कोपरं टेकवली, खांदे पुढे झुकवले. "आई, आत घ्यायची घाई करू नका. आधी सोडा. गरम दूध फुंकतो ना, तसं, हळूहळू फुंका." मी त्यांच्यासमोर बसून फुंकर घालत राहिले आणि त्या माझ्याकडे बघून तसंच करत राहिल्या. नवरा गाडी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी अशा समोरासमोर बसून फुंकत होतो.

दवाखान्यात ऑक्सिजन लागल्यावर त्यांना बरं वाटलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "इतके वर्ष मी पाहून राहिली होती तुले," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "वाटे समजते मले. काही समजत नव्हतं वं. असं असते का हे?"

"असंच असतं, आई."

"अन् तू लहानपणापासून..." त्यांना पुढे बोलवेना. माझा हात त्यांनी आपल्या गालावर धरून ठेवला.

त्यानंतर त्या घरी आल्या, पण पलंगावरून फारशा उठल्या नाहीत. वैशाखात, माझ्या नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, आमची सकाळची कामं चालू असताना त्या गेल्या. त्रास झाला नाही. मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलायला आत गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, झोप लागल्यासारख्या. मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, त्यांच्या नाकाशी हात धरला, आणि तिथेच जमिनीवर बसला.

कुहीहून मामा यायचे होते, पारशिवनीहून नणंद यायची होती, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं. त्यांना समोरच्या खोलीत खाली ठेवलं. ऊन मरणाचं होतं, बाजूला बर्फाच्या लाद्या ठेवल्या. डोक्याशी दिवा लावला. नणंद आल्या आल्या आईच्या अंगावर पडून रडली. मग डोळे पुसून तिने सगळ्यांना सांगितलं, "इथे उदबत्ती लावू नका. आईनं मला दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. म्हणाली, मी गेल्यावर माह्यापाशी उदबत्ती लावू नका, वहिनीले बसता येणार नाही."

मला हे माहीत नव्हतं.

सासूबाईंची थोरली जाऊ, आमची मोठी आई, तिला ते पटलं नाही. "असं कुठं असते का? मयतापाशी उदबत्ती नाही? लोकं काय म्हणतीन?" तरी तिने स्वतः लावली नाही. पण दुपार कलली तशी माणसं येऊ लागली. जो येई त्याच्या हातात हार आणि उदबत्तीचा पुडा. वाकून नमस्कार करायचा आणि उदबत्ती लावायची, हे लोकांचे हात आपोआप करतात. नणंद एकाला सांगायची तोवर दुसऱ्याने लावलेली असायची. कुणाकुणाला अडवणार? आणि कुणाचं चुकतही नव्हतं.

मी ओला पंचा नाकाशी धरून त्यांच्या पायाशी बसले होते. पंप घेतला होता. थोड्या वेळाने माझ्या छातीतली शिट्टी शेजारच्या बायकांना ऐकू यायला लागली. नवऱ्याने लांबून डोळ्यांनीच खुणावलं, जा. मी उठले.

मागच्या अंगणात भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. तिथे झळा लागत होत्या, पण हवा होती. पुन्हा पंप घेतला. घरातून रडण्याचे आवाज येत होते. मामा आल्याचं त्यांच्या हंबरड्यावरून कळलं. पुढच्या बाजूला तिरडी बांधायला घेतली होती, बांबू तोडल्याचा आवाज येत होता. त्या घरात सगळ्यात जास्त त्यांच्याजवळ राहिलेली मी, आणि मीच तिथे नव्हते.

मोठी आई मला शोधत मागे आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. मी बोलू शकत नव्हते, नुसती श्वास सोडत होते. ती वळली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या हातांना राख लागली होती.

"सगळ्या काढल्या मी," ती म्हणाली. "फाटकाबाहेर मातीत खोचल्या. खिडक्या उघडल्या. चाल, बस तिच्यापाशी. मी दारात उभी राहतो, कोणाले लावू देत नाही."

मी आत गेले. वास होताच, पण धूर गेला होता. लोकांनी जागा करून दिली. सासूबाईंचा हात बर्फाने गार पडला होता. त्यांच्या पदराची घडी एका बाजूने विस्कटली होती, ती नीट केली. कपाळावरचे केस मागे सारले. मोठी आई दारात दोन्ही हात पसरून उभी होती आणि येणाऱ्याला सांगत होती, "उदबत्ती बाहेर लावा, बाहेर." मग कुणीतरी म्हणालं, चला, उशीर होतो. माणसं आत आली आणि मला बाजूला व्हावं लागलं.

त्यांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. यंदाचा उन्हाळा मी एकटीने सांभाळला. कुठे काय टाळायचं ते अंगवळणी पडलंय, विसरायला होत नाही. नवरा पाळीवरून येतो, कपडे मागेच बदलतो, आणि बिचकत विचारतो, "बरी आहेस ना?" हे विचारायची त्याला कधी गरजच पडली नव्हती, त्यामुळे पुढे काय विचारायचं ते त्याला कळत नाही.

मागच्या आठवड्यात, त्या गेल्यानंतर पहिल्यांदाच, डॉक्टरबाईंकडे गेले होते. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "एकदम साफ आहे छाती. इतकी चांगली मी कधीच ऐकली नव्हती." मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "आजी नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर येऊन झाडाखाली उभी राहिले आणि नवऱ्याला फोन लावला. त्याच्यामागे मशीनचा आवाज येत होता. "छाती साफ आहे म्हणाल्या," मी सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "खूप बरं झालं."

मग नुसता मशीनचा आवाज ऐकू येत राहिला. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.