सहाचा ठसा

माझी मावशी चांदी गाळण्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं एकच काम करत होती. किलोच्या विटांवर लोखंडी ठसा धरून हातोडीने एकेक आकडा ठोकायचा. वहीतला तोच नंबर प्रमाणपत्रावरही चढायचा आणि वीट त्या कागदासोबत बाहेर पडायची. घरी आम्ही तिला 'ठोकबाई' म्हणायचो. बोलणंही तसंच होतं तिचं, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊला ठसा एकच. सरळ धरला तर सहा, उलटा धरला तर नऊ. मावशीच्या ठशाच्या पोटाला, म्हणजे आकड्याच्या गोलाला, बारीकसा टवका उडालेला होता. नवा मागितला की मॅनेजर म्हणायचा, चालतंय तोवर चालवा.

एकदा एक निवृत्त नर्सबाई वीट विकायला आल्या. प्रमाणपत्रावर शेवटचे आकडे ४६६, विटेवर ४६९. आणि ४६९ नंबरची वीट तर आधीच दुसऱ्याच माणसाला विकलेली, नोंदलेली. चांदी शुद्ध निघाली तरी मॅनेजरने वीट बनावट ठरवली आणि ही आणली कुठून, असं बाईंनाच दरडावलं. जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा धुतलेली बाई, चोर ठरून मॅनेजरसमोरच्या खुर्चीत बसली होती. मला आजही त्याचा संताप येतो.

मावशीला बोलावलं ते फक्त सहीपुरतं. वीट आमच्या कारखान्याची नाही, असा कागद तयारच होता. तिने आधी भिंग मागवलं. टवका दोन्ही आकड्यांत दिसत होता, मधल्या सहात खाली आणि शेवटच्या नऊमध्ये वर. वीट कारखान्याचीच होती, आणि ठसा उलटा धरणारी ती स्वतः.

मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. चूक बाहेर फुटली तर कारखान्याचं नाव जाईल आणि तुमचं टेबलही जाईल, निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत, असं समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही वर ऐकवलं.

"मूठ तुमची झाका," मावशी म्हणाली. "हातोडी माझ्या मुठीत होती."

तिने मजकूर खोडला, खाली लिहिलं, 'वीट आमचीच, चूक माझी', आणि ऐसपैस सही ठोकली.

नर्सबाईंना नवं प्रमाणपत्र मिळालं. मावशीला खोकी बांधायला बसवलं, टेबल अडगळीत गेलं. आई तिच्यावर चिडली, एवढा ताठा कशाला म्हणाली.  मावशीने जेवता जेवता विचारलं, "त्या खुर्चीत तू असतीस तर?" आईने तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

चार महिन्यांनी आणखी एक वीट परत आली. नंबरावर शंका, आणि आपली की बनावट हे छातीठोकपणे सांगणारं कोणी नाही. मॅनेजर स्वतः भिंग घेऊन खोक्यांपाशी आला. मावशीने हातातली सुतळी खाली ठेवली नाही.

"आधी माझं टेबल आणा," ती म्हणाली. "आणि नऊचा वेगळा ठसा. मग बघते."

टेबल दुपारी आलं. ठसा यायला आठवडा लागला, तोवर ती वीट टेबलावर तशीच पडून होती.