ताईला ऊन मिळालं नाही

माझ्या ताईला जन्मापासून जनुकीय आजार आहे. ती बोलत नाही, आधाराशिवाय चालत नाही. फिट येऊ नये म्हणून वीस वर्षं तिला रोज गोळ्या चालू आहेत. बाबांनी लालबागमध्ये आयुष्यभर हक्कांची पत्रकं वाटली, पण आमच्या चाळीच्या गॅलरीत बसायचा हक्क तिला घरात कुणीच दिला नाही. "फिट आली तर लोक तमाशा बघतील," आई म्हणायची आणि पडदा मी ओढायचे.

गेल्या वर्षी अंघोळीला उठवताना मी तिचा हात ओढला. ती किंचाळली. "नाटकं बंद कर गं," मी म्हणाले. दोन दिवस हात लोंबकळत होता, तेव्हा कुठे आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं या गोळ्या, आणि हाडं एकदाही तपासली नाहीत? अशा गोळ्यांनी हाडं ठिसूळ होऊ शकतात. ऊन तरी मिळतं का हिला?"

मी म्हणाले, "नाही."

"मग गोळ्या बंद करू?" आईने घाबरून विचारलं.

"मुळीच नाही. फिट येऊन पडली तर आणखी हाडं मोडतील."

प्लास्टर घातलेल्या ताईला आम्ही पहिल्यांदाच गॅलरीत खुर्चीवर बसवलं. शेजारच्या काकू थबकल्या.

"अगंबाई, ही अजून आहे?"

मी भांडायला तोंड उघडलं. पण तिला नाहीसं आम्हीच केलं होतं.