पोटावरचा पट्टा

विमानाच्या सीटला पट्टा एकच असतो, पोटावरचा. खांद्यावरून येणारा नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कंपनीच्या कामाला मी विमानाने जाऊन आलो होतो, तो पट्टा लावला होता, काढला होता. पण मुलीची गाडीत लावायची सीट कवटाळून विमानातल्या त्या अरुंद वाटेत उभा राहिलो, तेव्हा कुठे ते डोक्यात शिरलं.

मी चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनियर, तोही सीट आणि सीटबेल्ट बसवतात त्याच विभागातला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी. हे मी कुणालाही सांगतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. ते पुण्याच्या हॉस्पिटलात होते. ‘ज्यांना भेटवायचंय त्यांना बोलावून घ्या,’ असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि अण्णांनी नात अजून बघितलीच नव्हती.

मुलगी अडीच वर्षांची, पण मान धरत नव्हती. मांडीवर घेतलं की कमरेतून दुमडायची, लाळ घशात जायची. एकदा रेल्वेने निघालो होतो, तर ठसका लागून निळी पडली. मधल्याच स्टेशनवर उतरून आम्ही चेन्नईला परत आलो. त्यानंतर जर्मनीला गेलेल्या एका सहकाऱ्याकडून मी ही गाडीतली सीट मागवली. मागे कललेली, दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी. तिच्यात बसवलं की मान ठरायची. घरून, वेलचेरीहून अड्यारला डॉक्टरांकडे जाताना ती चक्क खिडकीबाहेर बघायची, हॉर्न वाजला की हसायची. म्हणून विमानात तिचं वेगळं तिकीट काढलं. फोनवर विचारलं, तर ‘आणा की, चालेल,’ म्हणाले.

पण आमच्या गाडीत ती सीट धरून ठेवायचा तो खांद्यावरून येणारा पट्टा. इथे तो नव्हताच. पोटावरचा पट्टा सीटच्या पोटाखालून ओढून घेतला. कसाबसा लागला. मग वरून धरून सीट हाताने ओढून बघितली. कारखान्यात आम्ही असंच बघतो. ती पुढे कलंडली. अशी गाडी मी कारखान्याबाहेर सोडली नसती.

एअर होस्टेसही ते बघत होती. तमिळ आणि इंग्रजी मिसळून म्हणाली, “सर, ही ठेवता येणार नाही. बेबीला नुसत्या सीटवर बसवा.”

“बसत असती तर हे धूड कशाला उचलून आणलं असतं?”

“मग मांडीवर...” ती थांबली. “वय काय?”

बायकोने खरं वय सांगितलं.

“दोनच्या वरच्या मुलाला मांडीवर चालत नाही, मॅडम. उडताना ताठ बसावं लागतं.”

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाई पुढे वाकल्या. “मराठी का तुम्ही? आम्ही तंजावरचे. अहो, घ्या मांडीवर नि बसा गुपचूप. आमची सगळी पोरं मांडीवरच वाढली. एवढं सिंहासन कशाला?”

“आजी, तिची मान धरत नाही,” बायको म्हणाली.

बाई मागे सरकल्या.

एअर होस्टेस कॅप्टनला विचारून आली. “सॉरी सर.” पोरगी बिचारी मनापासून सॉरी म्हणत होती, पण त्याचं मी काय करू? मागे लोक तिष्ठत होते. ‘सीक्रम, सीक्रम,’ लवकर आटपा, असं कुणीतरी ओरडलं. मी भांडायला तोंड उघडलं आणि मला कळलं की भांडायला काही नाही. तिचं बरोबर होतं. सीट हलत होती.

“तुम्ही जा,” बायको म्हणाली.

“आणि तू?”

“मी टॅक्सीने घरी जाते. अहो, तुमचे वडील आहेत. जा.”

तिने एका खांद्यावर मुलगी घेतली. सीट कुणीतरी तिच्यामागून उचलून नेली. मुलगी तिच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होती, किंवा मला तसं वाटलं. विमान उडालं तेव्हा माझ्या शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अण्णा शुद्धीवर होते. दाराकडे बघत म्हणाले, “मागनं येतायत का दोघी?”

“नाही अण्णा. विमानात बसू दिलं नाही.”

“तिकीट नव्हतं?”

“होतं. पट्टा बसेना.”

“तू तेच तर काम करतोस ना रे?”

करतो, म्हटलं. शिकलेल्या मुलाकडे तोड असणार, असं ते आयुष्यभर धरून चालले होते.

मग त्यांनी विचारलं, “केवढी झाली?”

मी त्यांच्या कुशीला चादरीवर दोन हात ठेवून दाखवलं. इथे डोकं, इथे पाय. अण्णांनी सलाईन लावलेला हात उचलला आणि मधल्या जागेवर ठेवला. तिथे नुसती चादर होती. त्यांना डोळा लागला तरी तो हात तिथून मी काढला नाही.