दोन आरशांची फुगडी

पंचमीला निलंग्यात तनुजाशी फुगडी धरायला पोरी कचरायच्या. ही एकदा मागं रेलली की समोरचीचा जीव टांगणीला. लग्न होऊन नांदेडला आली, प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तरी अंगातलं वारं गेलं नव्हतं. म्हणून तर सगळ्यांसमोर बोलून बसली, "सर, लेझर मी लावते."

तिथला मोठा सूक्ष्मदर्शक आंधळा झाला होता. लेझरचा उजेड दोन आरशांवरून वळून टाचणीच्या टोकाहून बारीक भोकातून गेला, तरच पडद्यावर चित्र उमटतं. तो भोकाच्या काठालाच अडत होता. प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णाराव सरांनी दुपारी चारपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर पुण्याचा इंजिनिअर, आणि तो महिन्यानं येणार. तोवर तिथंच संशोधन करणाऱ्या बुद्धप्रियानं लातूरहून जपून आणलेली तुरीची कोवळी मुळं मरून जाणार, आणि तिचं वर्षभराचं संशोधनही.

चकाकी नको म्हणून तनुजानं बांगड्या काढून ठेवल्या, लेझरचा चष्मा चढवला, मनात सिद्धेश्वराला हात जोडले आणि पहिल्या आरशाचा स्क्रू फिरवला. पडद्यावरचा उजेडाचा आकडा चिमूटभर चढला अन् तिथंच बसला.

"माहितीपुस्तकात तो आरसा मुद्दाम थोडा बिघडव म्हणतेत," बुद्धप्रिया म्हणाली.

"हाय तेवढा उजेडबी घालवू?"

मग तनुजाच थबकली. "तुला फुगडी येती का गं?"

"नायगावात माझ्यापुढं कुणी टिकायचं न्हाई. का?"

"मग दुसरा आरसा तू धर. मी रेलते, तू ओढ. दोघी ताठ राहिलो तर फिरायचं कसं?"

तिनं स्क्रू ढकलला. आकडा धाडकन खाली आला.

"गेला की गं."

"जाऊ दे. ओढ."

बुद्धप्रियानं आपला स्क्रू हळूच वळवला. आकडा परतला, आणि पहिल्यापेक्षा वर चढला.

"रेल अजून. भिऊन राहिली का आता?"

"मी? तूच घट्ट धर, बाई."

रेल, ओढ, रेल, ओढ. आकडा असा चढत गेला की दोघींना हसू आवरेना आणि हात तर हलू द्यायचा नाही. तनुजानं ओठ चावून धरले, डोळ्यांतून पाणी आलं.

अण्णाराव सर फोन कानाला लावूनच आत आले. "पिऊन आल्या का दोघी?"

तनुजानं हसतच बोट दाखवलं. पडद्यावर रंग चढवलेलं तुरीचं मूळ लेझरच्या उजेडात हिरवंगार लखलखत होतं, पेशी न् पेशी वेगळी.

सर पडद्याजवळ वाकले. मग फोनवर इंजिनिअरला म्हणाले, "साहेब, येऊ नका तुम्ही. न्हाई, लागलं."

बुद्धप्रियाला ते ऐकूही आलं नाही. ती दुसऱ्या मुळाची काचपट्टी लावत होती.