हिरालालची भिंत

हिरालालनं माझे समोरचे दोन दात पाडले, त्याला तीन वर्षं झाली. माझ्या स्लॅबच्या पाइपाचं पाणी त्याच्या ओट्याशी साचत होतं, एवढंच कारण. तेव्हा त्याच्याविषयी लिहिताना माझ्या हातून न्याय होईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तरी लिहितो, कारण या हकिकतीतली एक गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा त्याच्यासारखा कारागीर अल्लीपुरात दुसरा नाही. केसासारखी तांब्याची तार तो तासन्‌तास गुंडाळत बसतो, एक वेढा चुकत नाही. आणि त्याच हातानं माणसं फोडतो. भरलेली मोटार दोन दिवसांत जळाली अशी तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं त्यानं स्टार्टरच्या झाकणानं फोडलं. भाजी खारट झाली म्हणून बायकोच्या, आनंदाबाईच्या मनगटावर पक्कड हाणली. हाड मोडलं. लोंबता हात धरून बाई आधी आमच्याच दारात आली होती. माझ्या बायकोनं, जयानं, तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती समुद्रपूरला लेकीकडे गेली आणि दीड वर्ष फिरकली नाही.

जावई नागेश भला माणूस. लग्नाच्या व्हिडिओंची जुळवाजुळव करतो, आवाज चढवून बोलत नाही. त्यानं सासूची समजूत घातली. ती एवढंच म्हणाली, "लक्ष्मीपूजनाले एक दिवस येतो. त्याचा हात थांबला का नाई, पाहतो. थांबला नसन, तर मले पुन्हा बलावू नोका."

हा निरोप आला आणि हिरालालच्या डोक्यात भिंत शिरली. नागेशनं त्याला मोबाइलवर दाखवलं होतं, प्रोजेक्टरचं चित्र घराच्या मापानं कापून भिंतीवर कसं बसवतात ते. खिडकीवर खिडकीपुरता उजेड, दारावर दारापुरता. हिरालालनं बंद पडलेल्या ट्युशन क्लासचा जुना प्रोजेक्टर मिळवला, नागेशचा लॅपटॉप मागून आणला, हिंदी व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून शिकायला लागला. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

मग तो माझ्याकडे आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"वासुदेवराव, तुमची स्लॅब लागते मले. तेथूनच माही भिंत पुरी दिसते."

"काऊन? माह्या तोंडात अजून दात शिल्लक हायेत म्हून?"

मी त्याला हाकलणारच होतो. जया आतून म्हणाली, "त्याच्यासाठी नोका देऊ. आनंदाबाईसाठी द्या." मी दिली.

महिनाभर तो रोज दिवेलागणीला माझ्या डोक्यावर येऊन बसायचा. पहिले आठ दिवस वायाच गेले. शहाण्यानं भिंतीचा फोटो स्वतःच्या अंगणात उभं राहून काढला होता आणि त्यावरून सगळं चित्र आखलं होतं. माझ्या स्लॅबवरून उजेड टाकला तर दार तिरपं, खिडक्या निम्म्या बाहेर. रागानं त्यानं लॅपटॉपवर बुक्की उगारली. मी जिन्यातून पाहत होतो. ती बुक्की त्यानं स्वतःच्या मांडीवर मारून घेतली, दोनदा, तीनदा, आणि मग पुन्हा आखायला बसला. या वेळी प्रोजेक्टर जिथे ठेवायचा, तिथूनच. दार, दोन खिडक्या, छज्जा, मीटरची पेटी, एकेकाची कड माऊसनं धरून ओढली. पेटीवर काळा रंग भरला, म्हणजे तिथे उजेड पडू नये.

आनंदाबाईची रांगोळीची वही घरात राहिली होती. तिच्यातली अकरा ठिपक्यांची रांगोळी त्यानं ठिपक्याला ठिपका लावून उतरवली. आधी भिंतीवर ठिपके उमटत, मग एकेक रेघ त्यांना जोडत जाई. खरं सांगतो, ते पाहताना मला त्याचा हेवा वाटला. प्रोजेक्टर त्यानं आमच्या जुन्या पाट्यावर ठेवला आणि चारही पायांभोवती खडूनं खुणा केल्या. "इथं दोन बोटं सरकलं, का तिथं हातभर सरकते," असं मला बजावलं. बजावायला नको होतं.

लक्ष्मीपूजनाला आनंदाबाई आली. लेक वर्षाली आणि नागेश सोबत. सात वाजता आरती झाली, अर्धी गल्ली हिरालालच्या भिंतीसमोर, हापशीपाशी जमली. आनंदाबाई पुढे उभी होती, मोडलेलं मनगट पदराखाली धरून. वर स्लॅबवर मी आणि नागेश. उजेड सुटला. खिडक्यांत पणत्या लागल्या, दारावर झेंडूचं तोरण चढलं, मग ठिपके आले. बायका म्हणू लागल्या, "पाह्य व, तुहीच रांगोळी!" आनंदाबाई हसली. हिरालाल बाजूला हात जोडल्यासारखा उभा होता, आणि लोक त्याच्या पाठीवर थाप देत होते. त्याच्या.

माझी जीभ आपोआप कवळीला लागली. ज्या दिवशी मी रक्त थुंकत रस्त्यावर बसलो होतो, त्या दिवशी याच लोकांनी दारं लावून घेतली होती. मी नागेशला म्हटलं, "पाणी पिऊन या खालून." तो गेला. मी दोन बोटांनी प्रोजेक्टर ढकलला. लोक हसावेत, एवढंच मला पाहिजे होतं.

लोक हसलेच. तोरण दारावरून सरकून खिडकीत गेलं, पणत्या मीटरच्या पेटीवर चढल्या. नागेश धावत वर आला, खडूच्या खुणा पाहिल्या, आणि वाकून प्रोजेक्टर जागेवर सरकवायला लागला. तेवढ्यात हिरालाल जिना चढून आला. त्याला दिसला तो प्रोजेक्टरवर हात ठेवलेला जावई.

"मी नाई हलवलं, मामाजी," नागेश म्हणाला.

पहिली बुक्की कानावर बसली. दुसरी नाकावर. नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला. "मी नाई हलवलं." हिरालालनं त्याची कॉलर धरून त्याला कठड्यावर आपटलं, भुवई फाटली, रक्त पाट्यावर उडालं. "मामाजी, मी नाई..." मग लाथा. ज्या जावयाला दिवाळीत ओवाळायचं, त्याला तो कुत्र्यासारखा मारत होता. आणि मी, दोन बोटांचा धनी, तोंड उघडू शकत नव्हतो. उघडलं असतं, तर त्या बुक्क्या माझ्याकडे वळल्या असत्या. मी घाबरलो, दुसरं काही नाही.

खालचं हसणं बंद झालं होतं. मी वाकून पाहिलं, तर एकही मान वर नव्हती. सगळे भिंतीकडे पाहत होते. दोघंही प्रोजेक्टरच्या पुढ्यात झटत होते, आणि त्यांची सावली पूर्ण घरावर पडली होती. रांगोळीच्या ठिपक्यांमधून छतापासून ओट्यापर्यंत एवढा मोठा हात वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता. आनंदाबाई त्या हाताच्या समोर उभी होती. तिनं पदराखालचं मनगट छातीशी घट्ट धरलं.

"पाह्यलं मी," ती वर्षालीला म्हणाली. "चाल."

नागेशला घेऊन मायलेकी दवाखान्यात गेल्या, आणि तिकडूनच तिघं समुद्रपूरला. नाक वाकडंच राहिलं. त्या दोघी अल्लीपुरात पुन्हा आल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी हिरालाल प्रोजेक्टर न्यायला आला. मी त्याला जिन्यातच अडवलं आणि सांगून टाकलं. "तो नागेशनं नाई हलवला. म्या हलवला." सांगून मी कवळी काढून खिशात ठेवली आणि उभा राहिलो. तो मारील याची मला खात्री होती. मारावं असंच मला वाटत होतं, म्हणजे फिटलं असतं.

त्यानं माझ्या तोंडातल्या दोन दातांच्या खिंडीकडे पाहिलं. हात खालीच होते.

"त्यानं तीनदा सांगतलं, मी नाई हलवलं म्हून," तो म्हणाला. "आयकलं होतं मी. तीनी खेपा आयकलं."

आणि प्रोजेक्टर तसाच सोडून तो जिना उतरून गेला.